कोनात वळवलेले द्विमितीय थर : विद्युत व चुंबकीय वर्तन

प्रस्तावना

पदार्थाचे गुणधर्म त्याचे घटक अणू व त्यांची रचना यांवरून ठरतात, हे आपण पदवी वर्गात शिकवितो. हिरा आणि ग्राफाइट हे त्याचे परिचित उदाहरण होय. परंतु अणू तेच, प्रत्येक थराची रचनाही तीच आणि केवळ एका थरावर दुसरा ठेवण्याचा कोन बदलला, तरीही पदार्थ विद्युतरोधक, अतिवाहक किंवा चुंबकीय होऊ शकतो, असे अलीकडील संशोधनातून सिद्ध झाले आहे. प्रस्तुत लेखात या वर्तनाचे विवेचन करून, बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांत त्याचा गाभा कसा शिकविता येईल, याचा विचार केला आहे.

मोइरे आकृती

ग्राफाइटचा एक अणू जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. २००४ मध्ये मँचेस्टर येथे गाइम व नोवोसेलोव यांनी तो साध्या चिकटपट्टीच्या साहाय्याने वेगळा केला. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात मलमलीचे उदाहरण सहज सुचते. मलमलीचे दोन पदर एकमेकांवर ठेवून एक किंचित फिरविला, की विणीपेक्षा कितीतरी मोठी नक्षी उमटते. हीच मोइरे आकृती. जाळीतील अंतरास निम्म्या कोनाच्या साइनच्या दुपटीने भागले असता नक्षीतील अंतर मिळते. ग्राफीनच्या जाळीतील अंतर ०.२४६ नॅनोमीटर आहे, १.१ अंश कोनास नक्षीतील अंतर सुमारे १३ नॅनोमीटर होते आणि नक्षीच्या एका एककात सुमारे ११ हजार अणू सामावतात.

इलेक्ट्रॉनांचे वर्तन

या कोनाजवळ इलेक्ट्रॉनांचे ऊर्जापट्ट जवळजवळ सपाट होतात, असे भाकीत बिस्ट्रिट्झर व मॅकडोनाल्ड यांनी २०११ मध्ये केले. सपाट पट्टात इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा अल्प राहते व त्यांचे परस्परांमधील अपकर्षण प्रभावी ठरते. २०१८ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमध्ये हारिओ-हेरेरो यांच्या गटाला अशा नमुन्यात विद्युतरोधक अवस्था आणि सुमारे १.७ केल्विनखाली अतिवाहकता आढळली.

चुंबकत्व

कार्बन हे चुंबकीय मूलद्रव्य नव्हे. तरीही वळवलेल्या ग्राफीनमध्ये २०१९ मध्ये लोहचुंबकत्व दिसून आले. त्याचे मूळ प्रामुख्याने इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीत आहे. क्रोमियम ट्राय-आयोडाइड हा मात्र मुळातच चुंबकीय पदार्थ. त्याचे दोन थर कशा रीतीने रचले आहेत, यावर त्यांचे चुंबकन समांतर राहील की विरुद्ध, हे ठरते. थर वळविल्यास रचना जागोजागी बदलते. त्यामुळे लोहचुंबकीय व प्रतिलोहचुंबकीय क्षेत्रे शेजारी-शेजारी आढळतात. २०२१ मध्ये अशी क्षेत्रे प्रत्यक्ष दिसली.

मुंबईतील संशोधन

कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. मंदार देशमुख यांच्या गटाने या विषयात महत्त्वाचे कार्य केले आहे. ग्राफीनच्या दोन थरांची एक जोडी दुसऱ्या जोडीवर वळवून त्यांनी नमुने तयार केले. बाह्य चुंबकीय क्षेत्राशिवायही प्रवाहाच्या आडव्या दिशेने निर्माण होणारे, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारे विभव त्यांनी मोजले. लंब विद्युत क्षेत्र बदलताना होणारे ऊर्जापट्टांचे संस्थितीय स्थित्यंतर त्यातून ओळखता येते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने दाखविले. त्यात बंगळूरुचे प्रा. उमेश वाघमारे व कानपूरचे प्रा. अमित अग्रवाल यांचाही सहभाग होता.

अध्यापनातील उपयोग

अतिशीत तापमानाची उपकरणे पदवी महाविद्यालयांना परवडणारी नाहीत. मात्र भूमिती परवडते. पारदर्शक पत्र्यांवर १ मिलिमीटर अंतराच्या समांतर रेषा छापून दोन पत्रे २ अंशांत ठेवल्यास पट्ट्यांतील अंतर सुमारे २८.६ मिलिमीटर येते; ४ अंशांत ते १४.३ होते. २ अंशांच्या मापनात ०.१ अंशाची चूक झाल्यास उत्तरात सुमारे ५ टक्के फरक पडतो. १.१ अंशाच्या ग्राफीन नमुन्यात तेवढ्याच चुकीने तो सुमारे ९ टक्के होतो. एकाच नमुन्यातही कोन जागोजागी थोडा बदलत असल्याने दोन नमुने तंतोतंत सारखे मिळणे अवघड असते. संशोधकांची ही अडचण विद्यार्थ्याला कोनमापक हाती घेऊन अनुभवता येते.

समारोप

घटक व रचना यांच्या जोडीला कोन हाही गुणधर्म ठरविणारा स्वतंत्र घटक आहे. अभ्यासक्रमात त्याचा समावेश होण्याची वाट न पाहता, प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या प्रयोगांसोबत वरील प्रयोग घेतल्यास चालू संशोधन व वर्ग यांतील अंतर कमी होईल. जिल्ह्यातील प्राध्यापकांनी त्याचा अवश्य विचार करावा.