पालकत्वाचा अर्ज आणि वकील

आई-बाप गेलेल्या पोराविषयी ‘चुलता आहे ना!’ असे म्हणून गाव मोकळे होते. चुलता पोराला पोसतोही. परंतु तेवढ्याने त्याच्या नावची जमीन विकण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या उमरगा-लोहारा भागातील किती घरांचे आधार हिरावले, हे येथे सांगावयास नको. अशा वेळी 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, मूल ज्या जिल्ह्यात राहते तेथील जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो.

मग वकील कसा पाहावा? आमच्या मते, पहिल्याच भेटीत चुलत्याच्या हक्काआधी मुलाचे वय, शाळा आणि सातबारा विचारणारा. कारण न्यायालय तोलते ते मुलाचे हित. नेमलेल्या पालकालाही न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलाची जमीन विकता येत नाही, हे जो आधीच बजावतो तो खरा सल्लागार. ‘सही करा, बाकी आम्ही पाहू’ म्हणणाऱ्यापासून सावध असावे. फी किती आणि कागद कोणते, हे लिहून घ्यावे.

पैसा नसेल तर? 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळू शकतो. तेव्हा नातवासाठी अर्ज करणाऱ्या आजीने धाराशिवला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे निःसंकोच जावे. ती मदत मागणे म्हणजे भीक नव्हे. कायद्याने दिलेला तो हक्क आहे.