लेंड्या दिसल्या, तर आधी झाडू उचलू नका

पावसाळा लागला की उंदीर बिळे सोडून घरात शिरतात. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतली दोन खोल्यांची घरे असोत की गोदाकाठच्या जुन्या वाड्यांतली बिऱ्हाडे, पोटमाळ्यावर, धान्याच्या डब्यामागे, गोधड्यांच्या गाठोड्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या सापडतातच. त्या दिसताच आपण झाडू घेतो आणि झाडून काढतो. भगिनींनो, नेमके हेच करायचे नाही.

वाळलेल्या लेंड्या व मूत्र झाडले की बारीक धूळ उडते. ती श्वासात जाते, भांड्यांवर बसते. १९९३ साली अमेरिकेत हंता विषाणूमुळे फुफ्फुसाच्या आजाराने माणसे दगावली, तेव्हा तो अशा धुळीतूनच पसरल्याचे दिसून आले. आपल्याकडे मोठी भीती आहे ती लेप्टोस्पायरोसिसची. उंदराच्या मूत्रातले त्याचे जंतू ओल्या जागेत व पाण्यात टिकून राहतात आणि हातापायाच्या जखमेतून, भेगांतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या तापाची साथ आली होती. नाशिकमध्येही ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीचे पाणी काठच्या वस्तीत शिरले होते. अशा वेळी अनवाणी चिखल उपसणे धोक्याचे असते.

उंदीर आणि रोग यांचे नाते महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तो पुढे पुण्यात पसरला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले ते १८९८ मध्ये. आज आपल्याला कारण ठाऊक आहे. मग काळजी घेण्यात कसूर का करावी?

साफसफाई अशी करावी

१. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास खोलीबाहेर थांबावे. पंखा बंद ठेवावा. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

२. रबरी हातमोजे घालावेत. ते नसल्यास हातांना प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या बांधाव्यात. नाकातोंडाला मास्क लावावा.

३. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, ताजी ब्लीचिंग पावडर कालवावी. त्यात संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.

४. हे पाणी लेंड्यांवर हलकेच ओतावे आणि पाच ते दहा मिनिटे भिजू द्यावे.

५. जुन्या फडक्याने किंवा कागदाने टिपून घ्यावे. फडक्यासह सारे दुहेरी पिशवीत बांधून घंटागाडीत टाकावे.

६. त्याच पाण्याने फरशी पुसावी. मोजे काढण्याआधी धुवावेत, नंतर हात साबणाने धुवावेत.

७. गोधड्या-कपडे गरम पाण्यात साबण घालून धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. ब्लीचिंगने रंग जातो, म्हणून ते कपड्यांना लावू नये.

उंदराने तोंड लावलेले अन्न, मग ते भाकरीचा तुकडा का असेना, फेकून द्यावे. धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, खरकटी भांडी रात्री तशीच ठेवू नयेत. बोटाच्या जाडीपेक्षा लहान फटीतूनही उंदीर आत येतो. अशा फटीत तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावावे. विषारी पेस्टचे तुकडे घरात ठेवू नयेत. पिवळ्या फॉस्फरसच्या विषावर उतारा नाही आणि लहान मूल ते सहज तोंडात घालते.

गल्लीत एकाएकी उंदीर मरून पडू लागले तर हात न लावता महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. बीड जिल्ह्यातील मामला गावात १९९४ मध्ये प्लेग आढळला, तेव्हा आधी उंदीरच मरू लागले होते.

हे काम एकट्या घरच्या बाईचे नाही. माळ्यावर चढणे, फटी बुजवणे, पिशवी बाहेर नेणे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाटून घ्यावे. आणि अशा सफाईनंतर किंवा पुराच्या पाण्यातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, तर अंगावर काढू नये. सरकारी दवाखान्यात जावे आणि उंदरांचा, पाण्याचा संपर्क आल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. लवकर ओळखल्यास लेप्टोवर साध्या प्रतिजैविकांनी उपचार होतात.