स्थानिक निवडणुकीतील अपक्ष उमेदवार

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. वयाची 21 वर्षे पूर्ण केलेला आणि त्या संस्थेच्या मतदार यादीत नाव असलेला नागरिक अपक्ष म्हणून उभा राहू शकतो. त्याला पक्षाचा एबी फॉर्म लागत नाही. मात्र अनामत रक्कम, मालमत्ता व गुन्ह्यांविषयीचे शपथपत्र आणि राखीव जागेसाठी जातीचा दाखला यांतून सुटका नसते. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनहून अधिक अपत्ये झाल्यास उमेदवारी बाद होते.

अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर चिन्ह मिळते. कपबशी, छत्री यांसारखे मुक्त चिन्ह मोजक्या दिवसांत घरोघरी पोहोचवणे, ही अपक्षाची खरी कसोटी. ग्रामपंचायतीत पक्षचिन्हेच नसल्याने ही अडचण सर्वांना सारखीच असते. मुंबईत प्रभाग एकसदस्यीय आहेत. इतर बहुतेक महापालिकांत बहुसदस्यीय प्रभागामुळे मतदारसंख्या वाढते आणि पक्षांच्या पॅनेलसमोर एकट्या उमेदवाराची दमछाक होते.

निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. निवडून आलेल्या अपक्ष नगरसेवकाने नंतर पक्षप्रवेश केल्यास पक्षांतरबंदी कायद्याखाली त्याचे पद जाऊ शकते.