जाम झालेले इंजिन सोडवण्याची रीत

ग्रास कटरची दोरी ओढली आणि ती तसूभरही पुढे आली नाही, की इंजिन जाम झाले असे म्हणतात. कोकणात हा प्रसंग बहुतेक वेळा बेणणीच्या तोंडावर येतो. आंब्या-काजूच्या बागेतले गवत पावसाळ्याच्या अखेरीस आणि नंतर कापले जाते. मग मशीन पडवीत किंवा मांगरात टेकवून ठेवलेली असते, ती पुढच्या हंगामापर्यंत. मधल्या काळात उन्हाळ्याचा दमटपणा आणि मृगापासूनची ओल तिच्या पोटात शिरत राहते. दुसऱ्या प्रकारचा जाम भर कामात होतो. इंजिनाचा आवाज चढतो, मग जड होतो आणि क्षणात सगळे थांबते. म्हणून फिटर पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की मशीन ठेवलेली असताना जाम झाली की चालता चालता? पुढची सगळी दुरुस्ती या उत्तरावर ठरते.

इंजिन उघडण्याआधी ते खरोखरच जाम आहे का, हे पाहावे लागते. प्लगची टोपी काढून बाजूला केली की इंजिन अचानक सुरू होण्याची भीती राहत नाही. मग स्टार्टरचे तीन-चार स्क्रू काढून तो सुटा करतात. हातात घेऊनही त्याची दोरी येत नसेल, तर दोष स्टार्टरच्या स्प्रिंगचा किंवा चाकाचा असतो आणि इंजिन निर्दोष ठरते. त्यानंतर दांडा वेगळा करतात. इंजिन थांबलेले असताना सेंट्रिफ्युगल क्लच त्याला दांड्यापासून सुटे ठेवतो, त्यामुळे पुढच्या गिअरमध्ये गवत गुंडाळले तरी दोरी यायला हवी. पण ओलीमुळे क्लचचे बूट ड्रमला गंजून बसले असतील, तर पुढचा अडथळा थेट इंजिनाला धरून ठेवतो. हिरवळ कापणाऱ्या ढकलगाडीत बहुधा पाते क्रँकच्या टोकालाच बसवलेले असते. तिथे पात्याखाली दाबून बसलेले वाळके गवत किंवा न सुटलेला ब्रेकही इंजिन जाम झाल्याचा भास करून देतो.

तिसरी चाचणी प्लग काढून करायची. द्रवपदार्थ दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा तेल साचले, तर पिस्टन वर येताना त्यावर आदळून थांबतो. फोर-स्ट्रोक मशीन भलत्या कुशीवर आडवी ठेवली, की खालचे तेल पिस्टनच्या वर चढते. कार्ब्युरेटरची सुई गळत असली, की टाकीतले पेट्रोल आत उतरते. प्लग काढल्यावर दोरी सहज आली आणि भोकातून पिचकारी उडाली, तर रोग तेवढाच होता. मशीन पालथी धरून, दोरी हळूहळू ओढून सिलिंडर रिकामा केला की काम झाले. उडणारे पेट्रोल तोंडावर आणि ठिणगीजवळ येणार नाही, एवढे मात्र पाहायचे.

एवढे करूनही क्रँक हलत नसेल, तर सायलेन्सर काढतात. टू-स्ट्रोक इंजिनात ही मोठी सोय आहे. धूर जाण्याच्या खिडकीतून बॅटरीच्या उजेडात पिस्टनची कड आणि रिंगा सरळ दिसतात. पिस्टन गुळगुळीत असून रिंगांवर तपकिरी डाग असतील, तर गंज. पिस्टनवर उभे ओरखडे आणि चांदीसारखे चकाकणारे पट्टे असतील, तर उष्णता.

गंजाच्या जामात नेमके काय चिकटते, ते सिलिंडरच्या धातूवर अवलंबून आहे. जुन्या फोर-स्ट्रोक इंजिनांत बिडाचा बोअर असतो. त्याचा गंज आणि रिंगांचा गंज एक होऊन बसतो. ग्रास कटरचा सिलिंडर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या आत क्रोम किंवा निकेलचा कठीण मुलामा असतो. मुलामा गंजत नाही. गंजतात त्या रिंगा आणि खालच्या क्रँकची बेअरिंगे. म्हणून नुसते प्लगच्या भोकातून वर तेल ओतून भागत नाही, ते क्रँककेसमध्येही पोचले पाहिजे. पिस्टन खाली असेल तर तेल बाजूच्या वाटांनी आपोआप उतरते. वर असेल तर कार्ब्युरेटर काढून त्या तोंडातून सोडावे लागते.

तेल कोणते, यावर प्रत्येक गॅरेजचे वेगळे मत असते. कुठे डिझेल वापरतात, कुठे रॉकेल आणि इंजिन ऑइल, कुठे गिअरचे पातळ तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे. डब्ल्यूडी-४० ही फवारणी सर्वांच्या ओळखीची. ती १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोत तयार झाली आणि तिच्या नावातच पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न असा अर्थ आहे. ओल हाकलायला ती चांगलीच; मात्र उडून न जाणारे, फटीत मुरत राहणारे तेल तिच्या मागोमाग दिलेले बरे. कोणत्याही तेलाला वेळ द्यावा लागतो. एक रात्र ही किमान, हट्टी गंजाला चार-पाच दिवसही लागतात. मधूनमधून सिलिंडरवर उकळते पाणी ओतले किंवा गरम हवेचा झोत दिला, की धातू प्रसरण-आकुंचन पावून फटी उघडतात. पेट्रोलच्या मशीनजवळ उघडी ज्योत मात्र कधीच न्यायची नाही.

पुढचे काम हाताचे आहे. फ्लायव्हीलवर आणि बाहेरच्या आवरणावर समोरासमोर खडूची रेघ मारतात. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला दाब देतात. पहिले यश तांदळाच्या दाण्याएवढे असते. खडूच्या दोन रेघा किंचित सरकलेल्या दिसतात. तिथे थांबून पुन्हा तेल सोडायचे, उलट फिरवायचे, परत पुढे. सुटलेला गंज तेलात मिसळून बाहेर येऊ लागतो, तेल तांबूस होते, आणि हालचाल दाण्यावरून बोटभर, बोटभरावरून अर्ध्या फेऱ्यावर जाते. नटला पाना लावायचा तर तो आवळण्याच्या दिशेनेच जोर घेतो, उलट दिशेने नटच सुटतो. फ्लायव्हीलवर हातोडा मारला तर त्याचे पंखे तुटतात. दांडगाईने फिरवले तर त्याची छोटी चावी कातरली जाते आणि ठिणगीची वेळच चुकते. दोरीला लटकून झटके देणे हा तर स्टार्टर घालवण्याचा हमखास मार्ग.

उष्णतेच्या जामाची गोष्ट वेगळी. ४३ सीसीच्या प्रचलित ग्रास कटरमध्ये पिस्टनचा व्यास ४० मि.मी. असतो. ॲल्युमिनियमचा असा पिस्टन १०० अंशांनी तापला, की सुमारे ०.०९ मि.मी. फुगतो. त्याच्याभोवतीची फट मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजायची. सिलिंडरही फुगतो, पण पंख्याच्या हवेमुळे तो पिस्टनपेक्षा थंड राहतो. मधली तेलाची पापुद्री टिकली तर निभावते. ती फाटली, की पिस्टनचा धातू सिलिंडरला फासला जातो.

पापुद्री फाटण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे टू-स्ट्रोक मशीनमध्ये घातलेले नुसते पेट्रोल. या इंजिनात वंगणाची वेगळी टाकी नसते. २५:१ प्रमाणाला लिटरमागे ४० मिलिलिटर आणि ५०:१ ला २० मिलिलिटर टू-टी ऑइल हेच त्याचे वंगण. होंडाच्या जीएक्स३५ सारख्या फोर-स्ट्रोक इंजिनात १०० मिलिलिटर तेल वेगळे भरतात आणि टाकीत साधे पेट्रोल चालते. एकाच बागेत दोन्ही प्रकारच्या मशीन असल्या, की डब्यांची अदलाबदल होते. दुसरी कारणे लपलेली असतात. सिलिंडरच्या पंख्यांत गच्च बसलेला गवताचा भुसा हवा अडवतो. कार्ब्युरेटरचे पॅकिंग किंवा क्रँकचे सील फाटले, की जादा हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडते आणि त्याबरोबर तेलही.

तापून चिकटलेले इंजिन थंड झाल्यावर अनेकदा आपोआप सुटते. हाच धोका आहे. फासलेला धातू आतच असतो आणि पुढच्या अर्ध्या तासात तो पुन्हा पिस्टनला धरतो. म्हणून सिलिंडर काढून पाहावाच लागतो. क्रोमच्या मुलाम्यावरचे ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने विरघळते. त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो, म्हणून उघडी हवा, हातमोजे आणि चष्मा हवा. जिथे मुलामा उडाला आहे तिथे सोडा मूळ सिलिंडरच खातो. उरलेला थर बारीक पॉलिशपेपरने जातो. मग नखाची परीक्षा घ्यायची. बोअरवरून नख फिरवताना ते ओरखड्यात अडकले, तर सिलिंडर-पिस्टनचा नवा संच हाच उपाय. नवा पिस्टन बसवताना त्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला आणि रिंगेचे तोंड खोबणीतल्या खिळीवर यावे लागते. ते चुकले तर रिंग खिडकीत अडकून तुटते.

काही जाम सोडवण्यासारखे नसतात. क्रँक थोडा फिरून दोन्ही दिशांना ठराविक जागी ‘टक्’ करून अडत असेल, तर आत काहीतरी तुटले आहे. बेअरिंगचा पिंजरा, पिनचे लॉक किंवा कनेक्टिंग रॉड. तेल आणि धीर इथे कामाचे नाहीत, इंजिन उघडावेच लागते.

सुटलेले इंजिन लगेच पळवायचे नसते. आतली घाण रॉकेलने धुऊन, ताजे तेल फिरवून, प्लग बसवून दोरी ओढली की दाब हाताला जाणवला पाहिजे. तो लागत नसेल तर रिंगा अजून खोबणीत चिकटलेल्या आहेत. पहिली काही मिनिटे मशीन रिकामी, मंद चालवतात.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालवायची. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओल ओढून घेते आणि ते पाणी तळाशी बसते. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून दोरी दोन-तीनदा हळू ओढायची, प्लग परत लावायचा आणि दोरी जड लागेल तिथे थांबायचे. त्या जागी पिस्टन धुराची खिडकी झाकतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, आणि सायलेन्सरमधून येणाऱ्या दमट हवेला बोअरपर्यंत वाट राहत नाही.