रस्ता गुळगुळीत झाला, पण ड्रायव्हरच्या झोपेचे काय?

जून 2022 मध्ये आपल्या अमरावती-अकोला रस्त्याचे नाव साऱ्या जगात गाजले. एका पट्ट्याचा सलग 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्याआधीचा, 2019 चा, विक्रम कतारचा होता. तो 25 किलोमीटरचा. हाडे खिळखिळी करणारा जुना सहा नंबरचा हायवे, म्हणजेच आताचा त्रेपन्न, गुळगुळीत झाला. त्यासाठी सातशेवर माणसे रात्रंदिवस राबली.

त्याच रस्त्यावर दोन माणसांचे काम आजही एकटा ड्रायव्हर करतो, याची नोंद मात्र कोणत्याही बुकात होत नाही.

खड्डे होते तेव्हा गाडी नाइलाजाने हळू चालायची. आता वेग वाढला. पण स्टेअरिंगवर बसणारा माणूस तोच आहे आणि त्याचे जागरणही तेच आहे. आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरे किन्नर म्हणून गाडीवर लागली आणि ड्रायव्हर झाली. त्यांच्या घरची माय-माउली रात्री फोन वाजला की दचकते. म्हणून हा विषय घराघरात बोलला पाहिजे.

साधा हिशेब करा. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारा ट्रक एका सेकंदात जवळपास 17 मीटर जातो. ड्रायव्हरला फक्त तीन सेकंद डुलकी लागली, तर 50 मीटर गाडी वाऱ्यावर! वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. पहाटे दोन ते सहा ही वेळ सर्वांत घातकी असते, कारण तेव्हा शरीरच झोप मागते. चहा, तंबाखू, गाणी यांनी ती टळत नाही. झोपेला औषध एकच, झोप.

मग ड्रायव्हर झोपत का नाही? कारण माल वेळेत पोचवण्याचा तगादा असतो आणि फेरी वाढली तरच चार पैसे जास्त मिळतात. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे 8 तास, आठवड्याचे 48 तास आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. आता नव्या कामगार संहिता आल्या, तरी आठ तासांचे तत्त्व कायम आहे. 1946 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन 48 तासांचा आठवडा आला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कारखान्यातल्या कामगाराला मिळालेला हा हक्क हायवेवरच्या कामगारापर्यंत अजून पुरता पोचलेला नाही. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो. नव्या जड ट्रकच्या केबिनला 2025 पासून ए.सी. सक्तीचा झाला, पण जुन्या गाड्यांची केबिन अजूनही भट्टीच आहे.

दुसरे कारण ओव्हरलोड. जादा माल म्हणजे ब्रेकवर ताण, टायरवर ताण. यासाठी कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. मालक म्हणाला म्हणून भरला, असे म्हणून गेलेला जीव परत येत नाही.

तिसरे कारण आपल्या वऱ्हाडातले. कापसाच्या दिवसांत जिनिंगला जाणाऱ्या ट्रॉल्या आणि बंड्या अंधारात हायवेवर येतात. मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. बंद पडलेल्या ट्रकच्या मागे दोन दगड ठेवले की झाले, असे समजतात! मागून येणाऱ्याला ते दगड दिसतच नाहीत. चमकणारी पट्टी थोडक्या पैशांत मिळते. ती प्रत्येक कास्तकाराने ट्रॉलीला लावावी आणि ड्रायव्हरने लाल त्रिकोण गाडीत ठेवावाच.

मुलांनाही शिकवा. ट्रकच्या अगदी पुढे आणि डाव्या बाजूला चिकटून चालणारी सायकल ड्रायव्हरला वरून दिसत नाही. ट्रक वळतो तेव्हा मागची चाके आतल्या बाजूला सरकतात. आरशात आपल्याला ड्रायव्हरचे तोंड दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

आणि अपघात झालाच तर? पळू नका, बघ्यांची गर्दीही करू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा नंबरही आहे. मदत करणाऱ्याला पोलीस छळतील ही भीती सोडा. त्याला कायद्यात कलम 134-अ चे संरक्षण आहे. धडक देऊन वाहन पळून गेले, तर मृताच्या वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी, हे विसरू नका.

घरच्यांनीही काही पाळावे. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला दिवसा शांत झोपू द्यावे. वर्षातून एकदा त्याचे डोळे तपासून घ्यावेत. गाडी चालू असताना त्याला फोन करू नये. आणि तो निघताना ‘लवकर या’ म्हणू नये. ‘सावकाश या, झोप आली तर गाडी बाजूला घ्या’ म्हणावे.

भाडे एक दिवस उशिरा पोचले तर मालकाचे थोडे नुकसान होते. माणूस घरी पोचला नाही तर अख्खे घर उघड्यावर येते. ड्रायव्हर भावांनो, गाडीपेक्षा तुमच्या जिवाची किंमत जास्त आहे, हे आधी तुम्ही स्वतः ओळखा!