खरेदीखतातील कालबाह्य निर्बंध आणि घरमालक संघ
अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घरमालक संघाचे निर्बंध व देखभाल वर्गणी नोंदणीकृत घोषणापत्रावर आधारलेली असतात. तथापि, मालकीहक्क निर्वेध व्हावा या हेतूने १९६३ साली झालेल्या कायद्यानुसार, मूळ हक्कलेखाच्या नोंदणीपासून ३० वर्षांत जतन न केलेले निर्बंध सामान्यतः संपुष्टात येतात. परिणामी वर्गणी सक्तीने वसूल करण्याचा संघाचा अधिकार धोक्यात येतो. सामाईक रस्ते व तलाव यांचा खर्च मात्र थांबत नाही. २००४ पासून निर्बंधांच्या पुनरुज्जीवनाची तरतूद आहे. त्यासाठी किमान तीन मालकांची समिती, बाधित मालकांच्या बहुमताची संमती आणि राज्य शासनाच्या विभागाची मान्यता आवश्यक असते. मुदतीपूर्वी नोंदविलेली सूचना हा सर्व खटाटोप टाळू शकते. म्हणूनच २०१८ च्या दुरुस्तीने संचालक मंडळावर दरवर्षी निर्बंध-जतनाचा विचार करणे बंधनकारक केले.