एका वेताच्या पिलांतील भांडणें व त्यांची ताटातूट

मळ्यावरील कुत्री व्याली, कीं पहिले पंधरा दिवस पिलांचें कौतुक असतें. पुढें त्यांस दांत फुटतात व गुरगुर, चावाचावी सुरू होते. मग कंटाळून महिन्याच्या आंतच पिलें वाटून टाकण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणीं आहे. हा प्रघात नुकसानीचा आहे, हें शेतकरी बंधूंच्या नजरेस आणावें, एवढाच या लेखाचा हेतु.

पिलांचे डोळे सुमारें १० ते १४ दिवसांनीं उघडतात व तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दांत येऊं लागतात. त्यानंतरची चावाचावी हा बहुतांशीं खेळच होय. एकानें दुसऱ्यास जोरानें चावलें, म्हणजे तें केंकाटतें व खेळ सोडतें. थानांस दांत लागल्यास आई उठून जाते. जबडा किती आवळावा, हें पिलूं अशा रीतीनें शिकतें. आमच्या मळ्यावर एकदां पांच आठवड्यांचें, सर्वांत आडदांड म्हणून निवडलेलें पिलूं आणलें होतें. तें मोठें झाल्यावर हात पुढें केला कीं कडकडून धरी. अखेर त्यास सांखळीवर ठेवावें लागलें. आणि सांखळीवरचा कुत्रा रानडुकरें काय हांकणार?

खरीं भांडणें बहुधा अन्नावरून होतात. म्हणून चौथ्या आठवड्यापासून दुधांत कुसकरलेली भाकरी प्रत्येकास निराळ्या परळांत, अंतरावर ठेवून द्यावी. खेळांत पिलें आळीपाळीनें वरखालीं होतात. एकच पिलूं सदोदित खालीं पडत असेल, त्यास जखमा होत असतील किंवा तें खंगत असेल, तर मात्र हल्ला करणारास कांहीं वेळ वेगळें काढावें. भांडणांत हात घालूं नये व काठीहि मारूं नये. अंगावर गोणपाट टाकल्यास पिलें सुटतात.

अमेरिकेंतील स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिलांचें निरीक्षण करून १९६५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. फॉक्स टेरियर जातींत सर्व पिलें मिळून एकावरच तुटून पडतात, असें त्यांस आढळलें. असें घडल्यास कायमची ताटातूट हाच उपाय. तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांशीं व इतर जनावरांशीं ओळख होण्यास महत्त्वाचा, हेंहि त्यांनीं दाखविलें.

यास्तव सहाव्या आठवड्यापासून प्रत्येक पिलास रोज थोडा वेळ एकटें बाहेर काढून माणसें, शेळ्या, गुरें दाखवावीं. आठ आठवडे पुरे झाल्यावर एकेक पिलूं द्यावें. सोबत आईच्या अंगाखालचें फडकें द्यावें. पहिल्या रात्रीं त्यास माणसाजवळ निजवावें. जंताचें औषध वेळेवर द्यावें व तीन महिन्यांचें होतांच पिसाळ रोगाची लस टोंचून घ्यावी. पिलूं कोणास चावल्यास जखम साबणानें पंधरा मिनिटें धुवून डॉक्टरांकडे जावें.

आणखी चार आठवड्यांची कळ सोसली, तर राखणीस कुत्रा मिळतो आणि घरचीं मुलेंहि निर्धास्त राहतात.